राणी, वय तीस

"विमानातून सायकल न्यायची, त्यात काय एवढं? जन्मभर मापं घेतलीत मी. हत्तीलासुद्धा कोट शिवून देईन!" टेलरमास्तरांनी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं.

सायकल न्यायची होती बायकोसाठी. ती नर्स. तिची समुद्रकाठच्या इस्पितळात बदली झाल्यापासून मास्तरांना घर खायला उठायचं. लग्नाआधी याच सायकलवरून ते तिला डबलसीट घरी सोडायचे. आता ती रोज फोनवर म्हणायची, "अहो, इथं संध्याकाळी सगळे जोडीनं समुद्रावर फिरतात. मी आपली वॉर्डाच्या खिडकीतून बघते." फोन ठेवला की मास्तरांना बोलायला कुणी नसायचं, म्हणून ते सायकलशीच बोलायचे. होता होता त्यांनी तिचं नाव राणी ठेवलं. बायकोला यातलं अर्थातच काही ठाऊक नव्हतं.

बायकोला राणीवर बसवून समुद्राकाठानं एक चक्कर मारायची, एवढाच सुट्टीचा बेत! तोही तिला न सांगता. मास्तरांनी स्वस्तातल्या एका विमान कंपनीला फोन लावला.

"माझ्यासोबत तीपण येणार आहे."

"त्यांचं नाव?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

सायकलचंही नाव विचारतात! मास्तर खूश झाले. "राणी."

"वय?"

"असेल तीसेक."

"चालता येतं ना त्यांना?"

"चालते की! जरा कुरकुरते. पण पायऱ्या आल्या की उचलूनच न्यावी लागते."

"काळजी करू नका. व्हीलचेअरची सोय करते. खिडकीजवळ बसवू त्यांना?"

मास्तरांना त्यातलं 'व्हील' तेवढं कळलं. चाकं जपून नेणार असतील! "बसवा, बसवा!" ते म्हणाले. सायकललासुद्धा अहोजाहो! याला म्हणतात अदब! मोबाइलमधलं सगळं बायकोलाच कळायचं, म्हणून तिकिटांसाठी त्यांनी सवयीनं नंबर तिचाच दिला; बेत गुपित ठेवायचाय हे लक्षातच राहिलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बर्फासारखा गार.

"तिकिटं आलीत. दोन."

"म्हणजे कळलं तुला!" मास्तर लाजले. "गंमत करणार होतो मी."

"गंमत?"

"तू गेल्यावर हिच्याच आधारानं दिवस काढले बघ. तू ओळखणार नाहीस तिला, इतकी नटवलीय!"

फोन बंद झाला. बिचारीला भरून आलं असणार, असं मास्तरांना वाटलं.

मास्तरांनी राणीचं माप घेऊन खोळ शिवली. आतून अस्तर, बाहेरून बटणं, हँडलला दोन बाह्या! विमानतळावर एक माणूस रिकामी व्हीलचेअर घेऊन उभाच होता.

"राणीताई कुठायत?"

"ही काय!"

त्यानं भीत भीत दोन बटणं काढली. "काका, ही सायकल आहे!"

"मग मी कोण म्हटलं होतं?"

हळूहळू उलगडा झाला. सीटचे पैसे परत मिळणार नव्हते, आणि सायकलला सामानातच जायचं होतं. शिवाय वजन जास्त भरलं. कॅरिअर उतरलं, स्टँड उतरलं, पंप गेला, घंटी तेवढी मास्तरांनी खिशात टाकली. "चाकांतली हवा काढा," काउंटरवरचा म्हणाला. मास्तरांची हवा त्याआधीच गेली होती.

विमान उडालं. हवाईसुंदरी रिकाम्या सीटपाशी थांबली. "राणी मॅडम कुठे गेल्या?"

"ती खाली आहे."

"खाली? विमान उडालंय सर!"

"सामानात. चाकं सुटी करून ठेवलीय."

पलीकडच्या आजी किंचाळल्या! सगळ्यांची समजूत घालता घालता मास्तरांना घाम फुटला. मग ते खिडकीजवळच्या त्या रिकाम्या सीटकडे बघत बसले. इथं खरी बायको बसलेली असती तर! खांद्यावर डोकं ठेवून घोरलीसुद्धा असती. त्या घोरण्यासाठी ते केव्हापासून आसुसले होते.

विमान उतरलं. बाहेर बायको नर्सच्या गणवेशातच उभी होती. "कुठंय ती भवानी?"

मास्तरांनी ट्रॉलीकडे बोट दाखवलं. बायकोनं खोळीचं एकेक बटण काढलं. हँडल दिसलं, आणि तिचे डोळे भरले.

"ही राणी?"

"तू नव्हतीस ना, म्हणून हिच्याशीच बोलायचो. खूप आठवण यायची गं तुझी."

"आणि मी इकडं अन्नपाणी सोडलं, त्याचं काय?" ती रडता रडता हसायला लागली. "पण कॅरिअर कुठंय? मी बसू कशावर? आणि दुपारपासून ड्यूटी आहे माझी."

"दांडी," मास्तर हळूच म्हणाले.

"दांडीवर बसू, की दांडी मारू?"

"दोन्ही!"

उभ्या नोकरीत तिनं कधी दांडी मारली नव्हती. तिनं वॉर्डात फोन केला आणि पोट दुखतंय म्हणून कण्हून दाखवलं. समुद्राकाठी मास्तरांनी चाकं बसवली. ती पर्स गळ्यात अडकवून दांडीवर बसली. दोन्ही चाकं जमिनीवर फतकल मारून बसली.

"अहो, हवा?"

मास्तरांना काउंटरवर राहिलेला पंप आठवला.

मग दोघं समुद्राकाठानं चालत निघाले. मध्ये राणी, तिच्या हँडलवर दोघांचेही हात. बऱ्याच वेळानं बायको म्हणाली, "पायीच फिरायचं होतं, तर हिला कशाला आणलंत?"

मास्तरांनी खिशातली घंटी काढून वाजवली.