सायकल उन्हात काढली

इंग्लंडात, आमच्या यॉर्कशरमधल्या बार्न्स्लीत ऊन पडलं की माणसांच्या अंगात येतं. कुणी शर्ट काढून गवतावर पडतो, कुणी अंगणात सॉसेज भाजायला घेतो. मी फोटो काढायला माझी सायकल बाहेर काढली. एवढंच केलं हो. बाकीचं आपोआप झालं.

सायकल म्हणजे बीएमएक्स. छोटी चाकं, उंच हँडल. पोरवयात मी ती स्वतः जोडली होती, फ्रेम एकीकडची, चाकं दुसरीकडची, घरोघर पेपर टाकून एकेक भाग मिळवलेला. नवीन असतानाच कोळशाच्या खाणीच्या ढिगाऱ्यावरून उडी मारली आणि फ्रेमचा जोड तुटला. बाबा खाणीत फिटर. त्यांनी ती वर्कशॉपात नेऊन वेल्डिंग करून आणली. वेल्डिंग इतकं बेढब, की पाहणाऱ्याला वाटावं सायकलला गळू झालंय. बाबा बोलायचे कमी. "हं, घे," एवढंच म्हणाले. आता बाबा नाहीत, खाणही नाही, वेल्डिंगचा तो गोळा तेवढा आहे. त्यात माझा जीव आहे. (माझी बायको बेव्ह म्हणते, मी गॅरेजमध्ये सायकलीशी बोलतो. साफ खोटं. सायकल बोलते, मी ऐकतो.)

आम्हा जुन्या बीएमएक्सवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांच्या कंबरा कामातून गेलेल्या. फोटो टाकायचा तर उन्हातलाच, असा तिथला दंडक. पण बीएमएक्सला स्टँड नसतो, टेकवायची कशाला? फाटकाबाहेर बेव्हने आमचं बंद पडलेलं वॉशिंग मशीन काढून ठेवलं होतं. उंचीला अगदी जमलं. टेकवली, मागे सरकून डोळे भरून पाहिली, आणि फोन आत राहिलाय म्हणून आत गेलो. मघाशी लावलेल्या किटलीतलं पाणी नुकतंच उकळलेलं दिसलं. मग चहा केला. केलेला चहा सोडून बाहेर येणारा माणूस यॉर्कशरात अजून जन्मायचाय.

आमच्याकडे फाटकाबाहेर लोखंड ठेवलं की ते भंगारवाल्याचं. त्याने दार वाजवायचं नाही, आपण विचारायचं नाही. भोंगा वाजवत येतो, उचलतो, जातो. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मलाही होतं. भोंगा मी ऐकलासुद्धा. "बरं झालं, मशीन जाईल," असं म्हणत मी चहात बिस्किट बुडवलं.

बिस्किट तुटून कपात पडलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाहेर आलो तर फरशीवर मशीनचा चौकोनी ओला डाग. बाकी काही नाही. बेव्ह केस कापायला गेली होती. तिला फोन लावला.

"बेव्ह, नेली गं त्याने."

"नेलं का? चला, सुटलो एकदाचे."

"सुटलो? इथे माझा जीव जायची वेळ आलीय."

"आता दुरुस्त होत नाही, असं तूच म्हणालास ना?"

"मी असं जन्मात म्हणणार नाही. बाबांनी स्वतःच्या हाताने वेल्डिंग केलंय तिला."

"तुझ्या बाबांनी? वॉशिंग मशीनला?" मग तिला उमगलं. "क्लाइव्ह, तू सायकल कुठे ठेवली होतीस?"

मी सांगितलं. पलीकडे कात्रीचा आवाजही थांबला.

"पळ," बेव्ह म्हणाली.

पळालो. गाडी बेव्हने नेलेली. पायात सपाता, अंगात ड्रेसिंग गाऊन. भोंगा शेजारच्या गल्लीत वाजायचा, मी तिथे पोचलो की पुढच्या गल्लीत. (माझ्या छातीतला भोंगा एव्हाना त्याच्यापेक्षा मोठा वाजत होता.) शेवटी चर्चजवळ तो सापडला. माझ्याच वयाचा धिप्पाड गडी, टेम्पोला टेकून पॅटिस खात होता. मागे, बाथटबच्या शेजारी, माझी सायकल.

"दादा, ती सायकल माझी आहे."

"फाटकाबाहेर होती."

"नुसती टेकवली होती. मशीनला."

"मशीन मला दिलेलं. मग त्याला टेकलेलं कुणाचं?" त्याने शांतपणे घास गिळला. "बरं, खूण सांग."

मी गोळा सांगितला. बाबांचं सांगितलं, "हं, घे" सांगितलं. सांगता सांगता भर रस्त्यात, गाऊनमध्ये, रडूच आलं मला. त्याने खाणं बाजूला ठेवलं. हात पुसून त्या गोळ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"माझा म्हाताराही खाणीत होता," तो म्हणाला. "माझी बीएमएक्स आईने कुणाला तरी देऊन टाकली. अजून आठवते रे." त्याने सायकल अलगद खाली उतरवली. "ने बाबा. पण जायच्या आधी फुटपाथवरून एक उडी मारून दाखव."

शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. पण त्याचा चेहरा असा झाला होता, की मी चढलो. छान वेग घेतला. हँडल वर उचललं आणि गाऊनचा पट्टा चेनमध्ये गेला. सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही.

कंबर अशी धरली की उठता येईना. टेम्पोत पुढच्या सीटवर त्याची कुत्री बसली होती, ती तसूभर हलायला तयार नव्हती. "ती माझंही ऐकत नाही," तो म्हणाला, आणि त्याने मला मागे, वॉशिंग मशीन आणि बाथटब यांच्या मध्ये आडवं केलं. सायकल मात्र खाली ब्लँकेट घालून, ओरखडा येऊ नये म्हणून दोरीने नीट बांधली. मला कुणी बांधलं नाही, त्यामुळे प्रत्येक वळणावर मी मशीनवर आपटत होतो. भोंगा चालूच होता.

बेव्ह फाटकात उभी. अर्धे केस कापलेले, अर्धे लांब, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल. ती तशीच उठून आली होती. धावत आली ती थेट सायकलीकडे. गोळा चाचपून पाहिला, टॉवेलने सायकल पुसली, मग डोळे पुसले. माझं मन भरून आलं. मग सायकल नीट गॅरेजमध्ये ठेवून, कुलूप लावून ती परत आली.

"ताई, आणि याचं काय करू?" भंगारवाल्याने विचारलं.

"तुम्हाला हवा असेल तर बघा."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं, माझा एक पाय उचलून अंदाज घेतला आणि सोडून दिला. "नको ताई. यात लोखंड निघायचं नाही."

"डाव्या गुडघ्यात प्लेट आहे त्याच्या," बेव्ह म्हणाली.

आणि तो माणूस खरोखर विचार करायला लागला.