आत्याबाईंच्या अंगणास रोगण चढविल्याची हकिकत

श्रीगजानन साह्य असो, आणि लिहिणाराच्या रागास आवर घालो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, श्रावणमासी समुद्राकाठच्या एका राज्यात जे जाहले ते लिहितो. राज्य म्हणजे चार खोल्या, आणि पुढे पेव्हर ब्लॉकांचे अंगण. राजे त्र्यंबकराव, राणी सगुणाबाईसाहेब, एक चिरंजीव, आणि रावांच्या आत्याबाई, वय ऐंशीपार. आत्याबाईंचे गुडघे थकले, डॉक्टरांनी रस्ता वर्ज्य केला, आणि सकाळी अंगणात तुळशीभोवती फिरणे एवढीच त्यांची मुलूखगिरी उरली. मग पावसात ब्लॉकांस शेवाळ धरले, आत्याबाई एकदा पडता पडता वाचल्या, आणि दरबारी मसलत बसली की ब्लॉकांत पाणी मुरून शेवाळ धरू नये म्हणून वरून सीलरचे रोगण द्यावे की न द्यावे. आत्याबाई म्हणाल्या, रोगण नको, ह्या दमट मुलखात दगडालाही घाम येतो, तो बाहेर जाऊ द्यावा, आणि आठवड्यास काथ्याच्या ब्रशाने शेवाळ घासावे, पुरे. तेव्हा घासावे कोणी, हा प्रश्न निघाला. रावांची कंबर धरली, बाईसाहेबांचा खांदा दुखू लागला, चिरंजीव फोनात शिरले. लाजा कशा वाटल्या नाहीत! कुणास वाकणे नको, म्हणून रोगण ठरले.

डब्यावर स्वच्छ लिहिले होते की ब्लॉक दोन दिवस खडखडीत सुकलेले असावे, आणि हे रावांनी स्वमुखे सर्वांस वाचून दाखविले. मग पावसाने उघाड दिली, अंगण दोन दिवस सुकले, आणि ऐन रोगणाच्या सकाळी बाईसाहेबांनी त्यावर सडा घातला. म्हणाल्या, श्रावणी सोमवारी अंगण बिनसड्याचे ठेवायला घरात सुतक आहे काय. राव पाहतात तो अंगण ओलेचिंब. पण बाईसाहेबांस बोलण्याची छाती नाही, आणि रंगारी दारी उभा, तेव्हा हुकूम सोडिला की वारा आहे, सुकेल, चढवा. संध्याकाळी अंगण आरशासारखे झळकले, शेजारी वाहवा करून गेले, आणि रावांनी मिशीस पीळ दिला. मग आतली ओल रोगणाखाली कोंडली, ब्लॉक नासल्या दुधासारखे पांढुरके जाहले, आणि वर दमट हवेचे पाणी धरून राहिले. आत्याबाई म्हणाल्या, पाय ठरत नाही. राव म्हणाले, सवय होईल. अमावास्येच्या सकाळी आत्याबाई पडल्या आणि मांडीचे हाड मोडले.

डॉक्टर बोलिले, हाड जुळेल, चालणे मात्र विसरा. मग खाटेपाशी दरबार भरला, आणि राव पावसास, बाईसाहेब डब्यास, चिरंजीव रंगाऱ्यास दोष देते जाहले, आणि रावांनी अभय दिले की हे खरवडून काढू आणि न घसरणारे उंची रोगण आणू. आत्याबाईंनी सर्वांकडे एकवार पाहिले.

"त्र्यंबका, आता काय हवे ते लाव. तिथे चालणारी मी एकटीच होते रे."

एवंच, ज्या पायांसाठी मसलत केली ते पाय गेले, आणि दरबारात एकाच्याही तोंडून 'चुकलो' एवढा शब्द निघाला नाही. नवा डबा काल घरी आला.