डोंगरपट्टीच्या दवाखान्यांत वायफायाचा हक्क मिळाला, ते वर्तमान

श्रीसर्वसाक्षी प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौषमासीं डोंगरपट्टींत जें घडलें तें यथास्थित लिहितों.

त्या मुलुखीं एक दवाखाना, तेथें परिचारिका कुंदाताई वळवी सर्व कारभार पाहात. दवाखान्यांत लिनक्स नामें प्रणालीवर चालणारा संगणक असे, आणि त्याचा सर्वाधिकार तालुक्याचे संगणक-कारभारी अनंतराव मोहोळकर यांजकडे, त्यांच्या पासवर्डाविना नवें कांहीं जोडतां न ये. एके दुपारीं झाड पडोन इंटरनेटची तार तुटली, आणि त्याच समयीं गुलाबसिंग पाडवी नामें वृद्ध गृहस्थ छातींत कळ येवोन आले, आणि ताईंनी हृदयाचा आलेख काढिला, तो संगणकांत उमटला, परंतु शहरच्या डाक्तरांस पोंचवावा कैसा? फोनें चित्र काढोन धाडिलें, तर डाक्तर बोलिले, "रेघा पुसट आहेत. मूळ आलेख पाहिल्याविना इंजेक्शन द्या म्हणवत नाहीं." मग ताईंनी शेजारील शाळेचें वायफाय मागोन घेतलें, शाळेची तार निराळी, ती शाबूत होती, आणि जोडूं जातात तों संगणकानें सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड मागितला. पाडवी घामानें निथळत होते. ताईंनी अनंतरावांस फोन केला. पासवर्ड कोणासही न देणें, ऐसा वरिष्ठांचा सक्त हुकूम; परंतु राव क्षणमात्र न अडखळतां बोलिले, "घाला ताई, सांगतों. माणूस आधीं, हुकूम मागाहून." मग वायफाय जोडिलें, आलेख गेला, डाक्तरांची आज्ञा आली, ताईंनी इंजेक्शन दिलें, आणि पाडवींची कळ हळूहळू ओसरली.

दुसरे दिवशीं ताईंनी आपणहोन फोन केला, "राव, तो पासवर्ड बदला. मजपाशीं नसावा."

राव चकित जाहले. "का ताई? तुमचा भरंवसा आहे मला."

"भरंवसा असूं द्या. पण चुकून भलतेंच पुसलें गेलें तर रोग्यांचे कागद जातील. आम्हांस फक्त वायफाय जोडूं द्या, बाकी तुमचें तुम्हांस."

हें ऐकोन राव संतोषले आणि स्वतः डोंगर चढोन आले, आणि पासवर्ड बदलोन नवा नियम लिहिला कीं, दवाखान्याचा जो माणूस संगणकासमोर बसला असेल त्यानें वायफाय आपण निवडावें, आपण जोडावें; दुरून इंटरनेटवाटे संगणकांत शिरणारास हा हक्क नाहीं, बाकी अधिकार पूर्ववत. वरिष्ठ कोपले, तर राव उत्तरले, "हुकूम मोडिला, खरें. आतां मोडावा लागणार नाहीं." मग वरिष्ठांनींही तोच नियम डोंगरपट्टीच्या अवघ्या दवाखान्यांस लागू केला.

ऐसें हें वर्तमान. रावांनी वेळेवर अधिकार दिधला आणि ताईंनी तो वेळेवर परत केला, दोघेंही थोर. पाडवी बरे होवोन आपल्या पायांनी घरास गेले. येथें लेखणी ठेविली.