कोपरावरची पट्टी

बाथरूमची कडी खट्ट वाजली आणि सकाळची शांतता मोडली. दाराबाहेर फतकल मारून बसलेल्या लेकीने विचारलं, "आई, संपलं?"

आई हो म्हणाली खरी. पण संपणार कुठलं! आतड्याचं दुखणं सहा वर्षं तिच्या पोटात बिऱ्हाड करून होतं. बिनसलं की रक्तही पडायचं. हे फक्त नवऱ्याला ठाऊक. ऑफिसात तिने जिभेला कुलूप घातलं होतं. तासातासाला "आलेच हं" म्हणत उठते, म्हणून तिथे तिचं नावच पडलं होतं 'आलेचबाई'.

हे नाव पुसायचंच, म्हणून ऑफिसातल्या रक्तदान शिबिराच्या यादीत तिने सगळ्यांच्या वर नाव लिहिलं. वर ऐट अशी, की साहेबांसारख्या सुईला भिणाऱ्यांनी आपल्याकडून शिकावं.

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचून थेंब तपासला, दुखणं नि औषधं विचारून घेतली आणि हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हालाच कुणीतरी द्यायला हवंय."

बोटाला इवलीशी पट्टी लागली. पडद्याबाहेर अख्खं ऑफिस रांगेत उभं. तिने ती पट्टी सोलली आणि कोपराच्या खळगीत चिकटवली. तिने केलं ते एवढंच. पुढचं सगळं लोकांनी केलं.

कुणी खुर्ची दिली, कुणी बिस्किटं. साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मग लाजेकाजेस्तव स्वतःच पडद्याआड गेले. सुई दिसताच ते चक्कर येऊन आडवे झाले. अनुभवी म्हणून पुठ्ठ्याने वारा घालायला बसवलं कुणाला, तर हिलाच!

नेमकी तेव्हाच पोटात कळ आली. पुठ्ठा टाकून ती "आलेच" म्हणत पळाली. आज कुणी हसलं नाही. "बिचारीने रक्त दिलंय," असं मागून कुणीतरी कळवळून म्हणालं. आतून कडी लावून बसल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या काकांनी तिला गाडीने घरी सोडलं आणि दारातच लेकीला सगळा पराक्रम सांगितला. ते गेल्यावर लेकीने आईला बसवलं. दुखू नये म्हणून फुंकर घालत घालत पट्टी काढली. कातडी कोरी. लेकीने बोट फिरवून पाहिलं, हात उजेडात धरला.

"आई, इथे तर भोकच नाही. मग तुझं रक्त गेलं कुठून?"