आरतीला न पेटलेले खडे

आमच्या भोंगवलीत इंग्रजी तिसरीपर्यंत पोचलेली मुलगी मी एकटीच. म्हणून आईला पुण्याच्या इस्पितळात न्यायचं ठरलं, तेव्हा सगळी व्यवस्था मी बघते, असं मी आबांना ठणकावून सांगितलं. आईच्या पोटात गाठ होती. पुण्याचे डॉक्टर ती कापतील आणि आई पुन्हा भाकरी थापेल, इतकं ते सोपं होतं.

कापूरहोळला मोटार धरायची, पुढं कात्रजचा घाट. आईला तर बैलगाडीतही मळमळायचं. त्यावर भोरच्या डॉक्टरांनी क्लोरब्यूटॉल नावाचे पांढरे खडे दिले. मोटारीआधी चिमूटभर घ्यायचे; ओकारी थांबते, झोप लागते. दाढेत धरले तर दुखरी दाढही बधिर होते म्हणे. "उघडे ठेवलेस तर उडून जातील," ते म्हणाले. आमच्या घरात घट्ट झाकणाची डबी एकच, देवघरातली कापराची, आणि ती रिकामी. मी खडे तिच्यात ओतले आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी निघताना धोंडाआत्यानं आरती घेतली. खड्यांना वासही कापराचाच, तिला काय कळणार? पाच काड्या ओढल्या. खडे पेटायचे सोडून तुपासारखे वितळत गेले.

आत्यानं आरती खाली ठेवली. "देव नगं म्हनतोय. वैनीला न्यायचं न्हाई."

आबांनी जुंपलेले बैल सोडले.

"आत्या, तो कापूर नाही, औषध आहे," मी कळवळून म्हणाले. "क्लोरीन घातलेलं अल्कोहोल."

"अल्को काय?"

"म्हणजे... दारूच्या जातीतलं."

एवढं शिक्षण त्या वेळी दाखवायला नको होतं.

"देवाम्होरं दारू जाळायला लावलीस, सटवे?"

मग गोमूत्र आलं. देव न्हाले, देवघर न्हालं, मीही न्हाले. आबा म्हणाले, "आता आवस उलटल्याबिगर निघायचं न्हाई."

आई जोत्यावर पोट धरून बसली होती. "म्या मोटारीत कवाच बसले न्हाई," ती म्हणाली. "मला बसायचंय. बैल जुपा."

आबांनी पुन्हा जुंपले.

डबीत उरलेली चिमूट मी आईला दिली. औषधाचा गुण पक्का. घाटभर ती माझ्या खांद्यावर घोरत होती. ओकले मी, दोनदा.

इस्पितळात डॉक्टरांनी आईचं पोट दाबून पाहिलं, हात धुतले आणि आम्हाला कळू नये म्हणून नर्सशी इंग्रजीत बोलले. मला कळलं. गाठ कापण्यापलीकडं गेली होती.

आई डॉक्टरांकडं नव्हे, माझ्या तोंडाकडं बघत होती. "चल, घरी जाऊ," म्हणाली.

दारात आत्या भाकरतुकडा घेऊन उभी. "काय म्हनला डाक्टर?"

मला तिन्ही भाषांत शब्द सापडेना. तिसरी संस्कृत, ती नुकतीच सुरू झालेली.

"लई देखणा हाय, वन्सं," आई म्हणाली. "निसता बघत ऱ्हावा."

आत्या तोंडाला पदर लावून हसली. आईही हसली.

डॉक्टर पार टकले होते, आणि दातही पुढं आलेले. पण आत्याला मी ते सांगितलं नाही.