डॉ. सबनीस शिकवू लागतात

डॉ. सबनीस शिकवायला उभे राहिले, की आधी रोगी घाबरायचा, मग आम्ही, आणि सर्वांत जास्त डॉक्टर स्वतः. ती भीती झाकायला ते गर्जत.

एकोणीसशे साठच्या सुमारास कुमुद आणि मी, अशा दोन इंटर्न मुंबईहून म्हसळ्याजवळच्या एका धर्मादाय इस्पितळात येऊन पडलो. तिथले डॉ. सबनीस डॉक्टर म्हणून माणूस उत्तम. पण शिकवणं नुकतंच गळ्यात पडलेलं. शिकवायचं म्हणजे आपल्या प्रोफेसरांसारखं ओरडायचं, अशी त्यांची समजूत. ती विद्या त्यांनी झपाट्याने आत्मसात केली होती. "कॉलेजात काय झोपायला जात होता?" हा पहिला धडा. दुसराही तोच. उत्तर दिलं तर आम्ही आगाऊ, नाही दिलं तर ठोंब्या.

एकदा दिघीची एक कोळीण पोट धरून आली. हात टेकतो न टेकतो तोच डॉक्टरांनी "जंत!" असा निकाल दिला आणि जंतांवर इंग्रजीत व्याख्यान सुरू केलं. जंतांनाही कंटाळा आला असता.

कोळीण म्हणाली, "डाक्टर, पोरींवर कशाला वरडता? पोट माजं दुखतंय, त्यांचं न्हाय!"

तेवढ्यात कुमुदने तिला तपासलं. "सर, उजवीकडे खाली दाबून हात सोडला की फार कळवळतात. अपेंडिक्स असेल."

"तुम्ही मला शिकवणार?" डॉक्टर गरजले. पण हात ठेवलाच. दाबला, सोडला. कोळिणीने त्यांच्या सगळ्या कुळाचा उद्धार केला.

डॉक्टरांनी हात काढून घेतला.

"मी चुकलो," डॉक्टर म्हणाले. आवाज इतका बारीक, की तो त्यांचा वाटेना. "नीट बघून ठेवा. आपलंच बोलणं ऐकत राहिलं, की असं होतं."

दुपारी त्यांनीच ऑपरेशन केलं. बाई वाचली. तेव्हापासून ते खाटेवर बसून आधी रोग्याचं ऐकत, मग आम्हाला विचारत, "काय लागतंय हाताला?" ओरडणं अगदीच सुटलं नाही, एवढी कमावलेली विद्या कोण टाकतो? शिवाय 'चर्चा अपुरी राहिली' म्हणून आम्हाला घरी जेवायला नेऊ लागले. चर्चा बहुतेक पापलेटाचीच व्हायची.

आमची मुदत संपली, तेव्हा ते दिघीच्या धक्क्यापर्यंत आले. वाटभर आमची उणीदुणी काढली. लाँच लागली तसे थांबले.

"बायको गेल्यापासून एकट्यापुरता भात मला कधी जमला नाही," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "रोज उरायचा. तुम्ही होतात, तेव्हा उरत नव्हता."

कुमुद काही बोलणार, तोवर ते पाठ फिरवून चालू लागले होते.