मार्तंड गेनबा पारखे यांस

चिमाजी पोस्टमननं पाकीट तिसऱ्यांदा उलटंसुलटं करून पाहिलं. पत्ता टाइप केलेला, अक्षर न् अक्षर स्वच्छ : श्री. मार्तंड गेनबा पारखे, शाळेजवळ, कातळवाडी, वेल्हे. मागं पुण्याचा पत्ता. आणि कातळवाडीच्या अडतीस उंबऱ्यांत पारखे नावाचा एकही माणूस नव्हता.

दुसऱ्या कुणी ‘असा इसम नाही’ असा शेरा मारून पाकीट माघारी धाडलं असतं. कायदाही तोच होता. पण चौदा वर्षांत चिमाजीच्या हातून एकही पत्र परत गेलं नव्हतं. पत्र परत जाणं म्हणजे मांडवातून वऱ्हाड परत जाणं, असं तो मानायचा.

त्यानं वाडी पालथी घातली. कुणी म्हणालं, वरवे बुद्रुकला एक पारखे आहेत. रविवारी पदरचं तिकीट काढून तो एसटीनं तिकडं गेला. त्या पारख्यांचं नाव निघालं सोनबा.

"मार्तंड कोन न्हाई आमच्यात," ते म्हणाले, "पर आलायसा तर जेवून जावा."

चिमाजी जेवला आणि पाकीट घेऊन परत आला.

सातव्या दिवशी तो शाळेशेजारच्या अक्काबाईच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकला. अक्काबाई एकटीनं शेती रेटणारी बाई. तिच्याशी वाद घालायला सरपंचही कचरायचे.

"नाव तरी काय त्या मेल्याचं?" तिनं विचारलं.

"मार्तंड."

"मग त्यो काय दाव्याला बांधलाय!"

चिमाजीनं मान वळवली. दाव्याला एक पांढरा बैल रवंथ करत उभा होता.

"अक्का, त्यो बैल हाय."

"हाय तर हाय. नाव मार्तंड हाय का न्हाई? किकवीच्या गेनबाकडनं आनला का न्हाई? शाळंजवळ बांधलाय का न्हाई?"

"आन् पारखे?"

"पारख करूनच घेतलाय की!"

आठवडाभर पायपीट केलेल्या माणसाला एवढा पुरावा पुरतो. चिमाजीनं पाकीट तिच्या हाती दिलं आणि तिला वाचता येत नसल्यामुळं परत घेऊन फोडलं. आत एकच ओळ होती : ‘प्रकृती कशी आहे? उत्तर अवश्य लिहावे.’

"गुरांच्या दवाखान्याचं दिसतंय," चिमाजी म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. अक्कानं सांगितलं तसं त्यानं कार्डावर उत्तरही लिहिलं : ‘मार्तंड बरा आहे. मध्ये पाय सुजला होता, हळद लावली. आता खाणं चांगलं आहे. कळावे, अक्काबाई.’

दहा दिवसांनी दुपारच्या एसटीतून चष्मा लावलेले, हातात कातडी बॅग घेतलेले एक गृहस्थ उतरले. त्यांनी नाव सांगितलं आनंदराव, आणि विचारलं, "मार्तंड पारखे कुठे राहतात?"

चिमाजीनं बॅगेकडं पाहिलं. हा नक्की वरचा साहेब, चौकशीला आलेला! बैलाला टपाल दिल्याबद्दल किती शिक्षा असते हे त्याला ठाऊक नव्हतं, पण चौदा वर्षांत कायम न झालेली नोकरी जाणार हे उघड होतं. पाहुण्यांना लांबच्या वाटेनं लावून देऊन तो मधल्या बांधावरून पळत अक्काकडं गेला.

"अक्का, बैल हा शबूद तेवढा तोंडातनं काढू नगा. पाया पडतो!"

"बरं. पर खोटं मी बोलायची न्हाई."

आनंदराव आले. वही काढून ओट्यावर बसले.

"मार्तंडराव घरात आहेत?"

"घरात कशाला येतोय? रानात गेलाय गड्यासंगं."

"वय काय त्यांचं?"

"सात."

"साठ," आनंदरावांनी लिहिलं. "नक्की ना?"

"नक्की म्हंजे? दात बघूनच आनलाय."

आनंदरावांनी वहीचं पान उलटलं. "लग्न झालंय?"

"लगीन कुठलं! ल्हानपणीच बंदोबस्त केलाय त्याचा."

आनंदरावांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. दाराआड उभ्या चिमाजीनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात घंटी वाजली.

"ह्यो बगा, आलाच," अक्का म्हणाली.

मार्तंड अंगणात आला, थांबला आणि आनंदरावांची टोपी हुंगू लागला. आनंदरावांनी बैलाकडं पाहिलं, मग वहीत लिहिलेल्याकडं. मग ते असे हसायला लागले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चिमाजी बाहेर आला आणि हात जोडून उभा राहिला.

"अहो, मी तुमचा साहेब नाही," आनंदराव म्हणाले. "मी विद्यापीठात संशोधन करतो. कुठल्या देशाचं सरकार किती कार्यक्षम आहे, ते आम्ही मोजतोय. अकरा देशांत पत्रं टाकलीत. सगळी नसलेल्या माणसांना! पत्र झटपट परत आलं तर सरकारी यंत्रणा चांगली. हे मार्तंड पारखे मी मनानंच रचलेले आहेत, आणि त्यांचं मला उत्तर आलं!"

"मग आमास्नी गुण किती?"

"पत्र परत आलं नाही. म्हणजे शून्य."

"शून्य?" चिमाजीचा आवाज चढला. "सात दिस पाय मोडलं, वरव्याला जाऊन आलो, ते शून्य? आन् जो घरी बसून शेरा मारंल त्यो हुशार?"

"तक्त्यात तसंच आहे खरं," आनंदराव ओशाळून म्हणाले.

"मग धाडा पुन्यांदा. बगा आपल्या सरकारचं नाव राखतो का न्हाई!"

आनंदरावांनी शब्द पाळला. महिन्याभरात टाइप केलेली तीन पाकिटं आली. चिमाजीनं मन घट्ट केलं आणि तिन्ही आल्या एसटीनं माघारी लावली. आनंदरावांचं कार्ड आलं : ‘कातळवाडीनं नऊ देशांना मागे टाकलं. अभिनंदन!’ ते त्यानं चावडीवर वाचून दाखवलं.

मग चौथं पाकीट आलं. पत्ता होता : श्री. चिमणाजी रखमाजी दारवटकर, कातळवाडी. चिमाजी दारवटकर गालात हसला. आनंदराव बेरकी खरे. आता माझ्याच नावाच्या जवळपास फिरतायत! त्यानं झोकात शेरा मारला, ‘या नावाचा इसम इथे नाही’, खाली सही ठोकली आणि पाकीट परत केलं.

पंधरा दिवसांनी पोस्टमास्तरांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्यापुढं तेच पाकीट होतं.

"चिमाजी, तुला नोकरीत कायम केल्याचा हुकूम होता हा. टाइप करताना एक ‘ण’ जास्त पडला. आणि तू इथं नाहीस, असं तूच लिहून दिलंस."

चिमाजीनं पाकिटावरची आपलीच सही पाहिली. "मग आता?"

"आता तू आहेस, हे वर सिद्ध करावं लागेल. दोन साक्षीदार आण."

त्याच संध्याकाळी अक्काबाईनं अर्जावर अंगठा उठवला. "मी वळखते ह्याला. मानूस हाय, बैल न्हाई, आसंबी लिव्हा," ती म्हणाली. दुसरी सही आनंदरावांनी पुण्याहून आनंदानं पाठवली.

हुकूम परत जायला दोन दिवस लागले होते. दुरुस्त होऊन यायला अकरा महिने लागले. पण ते मोजायला आनंदरावांच्या तक्त्यात रकाना नव्हता.